माझ्या नावचे उपास

"जोडीनं नियम घेऊ नका गं. एकीचं सुटलं की दुसरी जास्तच धरून बसती," असं आक्का म्हणाल्या तेव्हा मी वृषभच्या पायात मोजे घालत होते, आणि मी नुसतं हं म्हटलं. आक्का म्हणजे माझ्या सासूबाई. नाव पद्मावती, पण बेळगावात अनगोळच्या आमच्या गल्लीत त्यांना सगळेच आक्का म्हणतात. त्या येता जाता अशी पुष्कळ वाक्यं टाकतात. बाळाला आरशापुढं धरू नको, भरल्या पोटी वाकू नको, मोकळ्या केसांनी दारात थांबू नको. त्यांतली कुठली घ्यायची आणि कुठली सोडायची हे ठरवायचा मला इतका कंटाळा येतो की मी सगळीच सोडते. शिवाय त्या दिवशी वृषभचा एक मोजा सापडत नव्हता, माझा नवरा वीरेंद्र खाली गाडीचा हॉर्न वाजवत होता, आणि आम्ही बोरगावला महाराजांच्या दर्शनाला निघालो होतो. आक्कांचं बोलणं कानावरून गेलं. ते कानावरून गेलं हे माझ्या लक्षात आहे. याचा अर्थ ते कुठंतरी आत गेलंच असणार, पण तो अर्थ मी अलीकडं लावते आहे, त्यामुळं त्याच्यावरही माझा विश्वास नाही.

परवा निपाणीला वीरेंद्रच्या आतेभावाचं लग्न होतं. पंगत उठली होती, आणि मी वृषभचे खरकटे हात धुवायला कार्यालयाच्या मागच्या नळांवर गेले. तिथं एक मुलगी पाठमोरी उभी होती. आठवी-नववीतली असेल, आईची साडी नेसून आलेली. ब्लाउज खांद्यावरून उतरत होता आणि आत कुणीतरी टाचण्या लावून तो आवळला होता. मी म्हटलं, "बाळ, जरा सरकतेस का?" ती वळली, आणि ती माझी मैत्रीण दिव्या होती.

"बाळ म्हणतीस व्हय मला?" ती हसली. मनापासून हसली, हे मला नोंदवून ठेवायचं आहे, कारण नंतर मी तिच्या चेहऱ्यावर वाटेल ते आठवायला लागते. "म्हण, म्हण. मोठ्यानं म्हण. ऐकू दे की सगळ्यांना." मग ती वृषभकडं वळून म्हणाली, "ये रं पैलवान," आणि त्याच्या काखेत हात घालून वाकली. वाकली आणि तशीच राहिली. वृषभला वाटलं खेळ आहे; तो खिदळायला लागला. नळाचं पाणी वाहत होतं. मी तिची मान बघत होते. मानेवर, गालाच्या कडेला, अगदी कानापर्यंत बारीक लव उगवली होती, तान्ह्या बाळाच्या पाठीवर असते तशी. दिव्याच्या अंगावर अशी लव कधीच नव्हती. हॉस्टेलला एकाच खोलीत राहिलोय आम्ही. मग ती सावकाश सरळ झाली, रिकाम्या हातांनी, आणि म्हणाली, "लई जड झालाय गं ह्यो. काय घालतीस खायला?" आणि त्या क्षणी मी काय केलं, तर मी पोट आत घेतलं. तिच्यासाठी काही वाटायच्या आधी मी माझं पोट आत घेतलं आणि पदर सारखा केला. तेवढ्यात मांडवातून कुणीतरी बाई ओरडली, "दिव्या, जेवायला ये की गं, ताटं मांडल्यात." "आज उपास हाय, मावशी," ती म्हणाली, आणि म्हणताना तिनं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. प्रवासात माणूस मधूनच आपली बॅग जागेवर आहे ना म्हणून बघतो, तसं पाहिलं. मी हळूच विचारलं, "कुणाच्या नावचा?" ती म्हणाली, "असू दे गं."

परत येताना गाडीत वृषभ माझ्या मांडीवर झोपला. त्याचं डोकं माझ्या दंडावर होतं आणि दंडाला मुंग्या येत होत्या, तरी मी हात हलवला नाही. मी विचार करत होते की हा जड आहे का. मला तर जड लागत नाही. म्हणजे मी धट्टीकट्टी आहे. म्हणजे माझं काहीतरी चुकतं आहे. मग एकदम माझ्या लक्षात आलं की मी दिव्याचा विचार करायला बसले होते आणि पुन्हा माझ्याच दंडावर येऊन पोहोचले. "दिव्याचं काहीतरी बरं नाही," मी वीरेंद्रला म्हणाले. तो म्हणाला, "बरं नाही? सगळ्या बायका तिला विचारत होत्या बारीक व्हायला काय करतीस म्हणून." "तिला वृषभला उचलता आलं नाही." "मला तरी कुठं उचलवतोय?" तो म्हणाला, आणि पुढच्या ट्रॅक्टरला ओलांडायची वाट बघत बसला. तो वाईट नाही. दिव्याबद्दल बोलताना माझा आवाज कसा होतो ते त्यानं इतकी वर्षं ऐकलं आहे. त्यात काळजी किती आणि असूया किती हे त्याला कळत नसेल. मलाही कळत नाही.

हॉस्टेलला असताना कुंद्याचा, आमच्या बेळगावच्या खव्याच्या मिठाईचा, बॉक्स उघडला की दिव्या बोटानं कडेकडेनं खरवडून खायची आणि मधला चौकोन माझ्यासाठी ठेवायची. तिचं लग्न बोरगावला झालं, श्रीपालशी. माझं बेळगावातच झालं. एकाच वर्षी दोघींची बाळंतपणं झाली. तिला मुलगी, मला वृषभ. आणि मग आम्ही दोघी आमच्या अंगांत मावेनाशा झालो. जुने कपडे कपाटात राहिले. येणाऱ्याजाणाऱ्या बायका कौतुकानं दंड दाबून बघायच्या. मी इथल्या एका जिमच्या लेडीज बॅचला नाव घातलं. गेलेही, पण तिथल्या आरशांत मला मी सोडून सगळ्या दिसायच्या, आणि घरी वृषभ रडून रडून निळा पडतो आहे असं वाटायचं. तो रडत नसायचाच. आक्का सांगायच्या, गप खेळत होता. तरी वाटायचंच. मी जिम सोडल्याचं सांगायला दिव्याला फोन केला तर ती म्हणाली, "मग आपणच एकमेकींवर लक्ष ठेवू या की. फोन कानात घालून चालायचं. तू तिकडं, मी इकडं."

ते दिवस चांगले होते. मी आमच्या गच्चीवर गोल गोल फिरायची आणि ती उसातल्या रस्त्यानं जायची. तिचा श्वास माझ्या कानात असायचा. मला तिचं गाव डोळ्यांपेक्षा कानांनी जास्त माहीत आहे. कुत्री कुठं भुंकतात, ट्रॉल्या कुठं वळतात, ती कुठं चप्पल झटकते. वाटेत भेटणारी प्रत्येक बाई कन्नडमधून तिला विचारायची, "ऊटा आतेन?" जेवण झालं का, म्हणून. इकडं सगळेच असं विचारतात आणि उत्तरासाठी कुणी थांबत नाही. दिव्या प्रत्येकीला "आतु, आतु", झालं झालं, म्हणायची आणि मला म्हणायची, "सकाळच्या पारी कुणाचं जेवण झालेलं असतंय गं?" दर रविवारी आम्ही वजन सांगायचो. पण आम्ही एकमेकींना फार लवकर माफ करायचो. ती म्हणायची आज मुलीला ताप होता, मी म्हणायची असू दे. मी म्हणायची आज पाव्हणे होते, ती म्हणायची होतंय तसं. अशानं काटा हलायचा नाही.

मग चातुर्मासासाठी आमचे जैन मुनी महाराज बोरगावला थांबले. दर्शनाला आलेली माणसं तिथं हात जोडून काहीतरी सोडतात. कुणी बटाटा सोडतं, कुणी रात्रीचं पाणी, हल्ली कुणी मोबाईलही सोडतं. आमच्या घरात हे सगळं लहानपणापासून आहे. माझ्या वडिलांनी वांगं सोडलं होतं, आणि आजोळी कुणी चुकून भाजीत वांगं घातलं तर ते उठून जायचे नाहीत; नुसती भाकरी मिठाबरोबर खायचे, शांतपणे. तो शांतपणा मला भीतिदायक वाटायचा. दिव्या फोनवर म्हणाली, "हेच बघ आपल्याला चालणार. डॉक्टरचं आपण मोडतो, नवऱ्याचं मोडतो, स्वतःचं तर मोडतोच. महाराजांपुढं घेतलेलं मोडवत न्हाय आपल्याच्यानं." मला ते इतकं सरळ वाटलं की आपल्याला आधी कसं सुचलं नाही याचं नवल वाटलं. दर्शनाला गेलो त्या दिवशी आम्ही दोघी पुढं झालो. साखर, मैदा, सूर्य मावळल्यावर खाणं, हे सोडायचं आणि रोज चालायचं. महाराज थोडे हसले. म्हणाले, "शक्ती बघून घ्या. लेकरं लहान आहेत. पुढच्या चातुर्मासापर्यंतच घ्या." एवढंच. त्यांनी यापेक्षा काही मागितलं नाही.

दुसरी गोष्ट आमची आम्ही ठरवली, बाहेर चपला घालताना. एकीनं नियम मोडला तर उपास दुसरीनं करायचा. मला दिव्याची दया येईल म्हणून मी खाणार नाही, आणि तिला माझी. हे महाराजांना सांगितलं नव्हतं, घरीही नाही. कुणाच्या डोक्यातून ते आलं हे मला आठवत नाही. कधी ते वाक्य तिच्या आवाजात ऐकू येतं, आणि मी म्हणते काय बाई भारी युक्ती काढलीस. कधी माझ्याच आवाजात ऐकू येतं, आणि ती एका पायावर उभी राहून सँडलचा पट्टा ओढत म्हणते, चालतंय की. दोन्ही वेळा ऊन तेच असतं. बसायच्या पायरीवर नारळाची शेंडी पडलेली असते, ती पण तीच.

सुरुवातीला आम्ही दोघी तलवारीसारख्या चाललो. मग एकदा वृषभनं शिरा वाटीत टाकला. चमच्याला चिकटला होता तेवढा मी चाटला. हे खाणं आहे का? पोराच्या ताटातलं रोज किती आपल्या पोटात जातं, हे आपणच बघत नाही. चघळलेलं बिस्किट, कडेची साय, अर्धा लाडू. मी फोनवर तिला गमतीनं विचारलं, हे धरायचं का गं? ती पण हसली. मग म्हणाली, "साखर हाय न्हवं त्यात?" आणि दुसऱ्या दिवशी तिनं उपास केला. मी दिवसभर घरात अस्वस्थ फिरले. त्यानंतर बरेच दिवस मी वृषभचं उरलेलं सरळ नळाखाली धरलं. माझं वजन खरं उतरलं ते त्या दिवसांत. माझ्या जिभेवर पहारा ठेवायला बोरगावात एक बाई उपाशी आहे, ही जाणीव भयंकर होती. आणि, हे लिहिताना मला लाज वाटते, ती मला आवडायचीही. इतकी नीट मी आयुष्यात कधी वागले नव्हते. आरशात माझ्या गळ्याची हाडं दिसायला लागली आणि मी मनात तिला थँक्यू म्हटलं.

पण माणूस किती दिवस नीट वागणार? पुन्हा चाटलं गेलं, पुन्हा सांगितलं, पुन्हा तिनं केला. ती कधी मोडायची नाही, त्यामुळं माझ्या वाट्याला एकही उपास आला नाही. मी म्हणायचे, "अगं, तू पण एखादं बिस्किट खा की, मला पण करू दे," तर म्हणायची, "माझी इच्छाच होत न्हाय गं आता." मग मी सांगायचं बंद केलं. खाल्लं तरी सांगितलं नाही. मला वाटलं हाच शहाणपणा आहे, थोडं खोटं बोलून तिला जेवायला घालायचं. तर एका रविवारी ती म्हणाली, "तू काय सांगत न्हाईस म्हणजे मोडलं असणार. म्हणून मी आपला अंदाजानं करून टाकते." मग मी खरंच सगळं सोडलं, आणि प्रत्येक ताटाचा फोटो पाठवायला लागले. ती म्हणाली, "फोटोत सगळं कुठं दिसतंय?" म्हणजे मी मोडलं तरी उपास, लपवलं तरी उपास, पाळलं तरी उपास. मी मग जेवायला बसले की नुसती ताटाकडं बघत बसायला लागले. आक्का म्हणायच्या, "भात वाळला की गं."

त्या दिवशी निपाणीहून आल्यावर मी आक्कांना सगळं सांगितलं, चपला घालतानाच्या ठरावासकट. त्या शेंगा फोडत होत्या. त्यांनी आधी नेहमीचं म्हटलं, उपासानं कोण मरत न्हाय, माझी आई कसले कसले उपास करायची. मग त्यांचा हात थांबला. "दुसरीच्या नावचा? असलं कुठं असतंय व्हय? कुणी शिकवलं तुम्हाला?" मी म्हटलं कुणी नाही. त्या म्हणाल्या, "महाराजांपुढं जाऊन सांगा दोघी. सोडवून घ्या." पण महाराज चालत कधीच पुढं गेले आहेत, आता तमिळनाडूच्या वाटेवर आहेत म्हणतात, आणि दिव्याला त्यांच्यासमोर न्यायचं तर आधी दिव्यानं हो म्हणायला हवं.

काल सकाळी मी तिला फोन केला. म्हटलं, "दिव्या, मी माझा नियम सोडते. दंड काय असेल तो मी घेईन. आता आपलं काही देणंघेणं नाही." ती चालत होती, चप्पल घासल्याचा आवाज येत होता, पूर्वीपेक्षा फार हळू. ती म्हणाली, "सोड की. पण मग तुझं रोजचंच मोडलं की गं. मग मला रोजचंच करायला लागणार." एक ट्रॉली गेली. कुणीतरी तिला विचारलं, "ऊटा आतेन?" आणि ती म्हणाली, "आतु." मग मला म्हणाली, "मस्करी केली गं. किती घाबरतीस." ती मस्करी होती का? मी तो आवाज पुन्हा पुन्हा ऐकते. मस्करीत माणूस शेवटी श्वास सोडतं, तिनं सोडला नाही. की चालल्यामुळं दम लागला होता? कधी वाटतं ती माझ्यावर सूड घेते आहे, कुठल्या तरी जुन्या गोष्टीचा, कुंद्याच्या मधल्या चौकोनाचासुद्धा असेल. कधी वाटतं माझा यात संबंधच नाही. तिला न खाण्याचं काहीतरी लागलं आहे आणि त्यावर डकवायला एक नाव हवं, ते माझं आहे. हे दुसरं खरं असेल तर मी इतके दिवस स्वतःला फारच मोठी समजत होते. पण तेच खरं असावं असं मला वाटायला लागलं, कारण ते खरं असलं तर माझी सुटका होते. मग मी तेही मानत नाही.

आणि तिच्या घरी कुणाला सांगायचं? बस्तीत, म्हणजे गावातल्या जैन मंदिरात, देवापुढं तिचं नाव घेतलं जातं. गल्लीतल्या सुना तिच्या पाया पडतात. तिची सासू, जी तिला पहिल्या वर्षी दूध कमी येतं म्हणून बोलायची, ती आता तिच्यासाठी पाणी उकळून गाळून ठेवते. काल दुपारी मी श्रीपालला फोन लावला. तो माझ्याशी नेहमी आदरानं बोलतो. म्हटलं, "भाऊजी, एकदा डॉक्टरांकडं नेऊन रक्त तपासून घ्या ना तिचं." तो म्हणाला, "कशाला वहिनी? चालती की रोज. आमच्या घरात असं तप कुणी केलेलं न्हाय. आमच्या वडलांना, आप्पांना, लई अभिमान हाय तिचा." मी म्हटलं तिला द्या जरा. "झोपलीय," तो म्हणाला, "दमती हल्ली." दुपारी. हॉस्टेलला असताना परीक्षेच्या दिवसांतही ती कधी दुपारी झोपली नाही. मागं तिची मुलगी "मम्मी, मम्मी" करत होती. मुलं हाक मारतात तेव्हा मधे थांबतात, उत्तराची जागा सोडतात. ती थांबत होती, आणि त्या जागेत काही येत नव्हतं.

तू स्वतः का जात नाहीस, असं वीरेंद्रनं विचारलं. मी गेले होते, मधे एकदा, निपाणीच्या त्या लग्नाच्या खूप आधी. वाटेत थांबून चहा घेतला, साखरेचा. तिनं दारातच विचारलं, "वाटेत काय घेतलंस?" मी खरं सांगितलं. ती हसून आत गेली आणि माझ्यासाठी पोहे घेऊन आली, आणि दुसऱ्या दिवसापासून लागोपाठ तिनं उपास धरले. मी समोर दिसले की ती माझ्या अंगाकडं बघते आणि मनात काहीतरी मांडते. मी तिच्यापुढं जाणं म्हणजे तिला उपाशी ठेवणं आहे, की हे माझं न जायचं निमित्त आहे? आज मी आक्कांना वृषभला घेऊन बसायला सांगितलं आणि बसस्टँडपर्यंत गेले. बोरगावला निपाणीवरूनच जायचं; निपाणीची गाडी लागली होती. मी चढले, बसले, आणि उतरले. घरी येऊन मी तूप-साखर लावून चपाती खाल्ली आणि कुणाला कळवलं नाही.

म्हणून तुम्हाला सांगते. तुमचं तिच्याशी काही ठरलेलं नाही, तुम्ही काय खाल्लं याचा तिच्याकडं काही हिशेब नाही. तुम्ही निपाणीहून इचलकरंजीकडं जाणार असाल तर बोरगाव वाटेतच आहे. बस्तीच्या मागं श्रीपालचं घर विचारा, कुणीही दाखवेल. दुपारी जा. माझं नाव घेऊ नका. तहान लागली म्हणा, आणि तिलाच पाणी आणू द्या. पाण्याबरोबर शेंगदाणे-गूळ येईल. तिला बसवा, एकटं खायचं जमत नाही म्हणा, काहीही म्हणा, आणि तिच्या तोंडात काही जातं का ते बघा. माणसं तुम्हाला सांगतील, बरी आहे, तप आहे. ऐकून घ्या. पण दार दुसऱ्याच कुणी उघडलं आणि ती झोपलीय असं सांगितलं, तर बरं म्हणून परत फिरू नका. पायरीवर बसा आणि तिला उठवा म्हणा. ती उठून दारात येईपर्यंत तिथून हलू नका.